सांधेदुखीचे एक आयुर्वेदिक ‘पेटंट’ चूर्ण : डब्यावरील मजकुराचे परीक्षण

पुण्याच्या पेठांमधील काष्ठौषधींच्या दुकानांत आणि अलीकडे उपनगरांतील किराणा दुकानांच्या काउंटरवरही दिसू लागलेल्या, सांधेदुखीवरील एका आयुर्वेदिक पेटंट (म्हणजे ग्रंथोक्त नव्हे, तर उत्पादकाने स्वतः योजलेल्या) चूर्णाचे हे परीक्षण आहे. या उत्पादनाविषयी तक्रार दाखल झाली असून चौकशी अद्याप पूर्ण झालेली नाही, त्यामुळे चूर्णाचे, उत्पादकाचे किंवा दुकानाचे नाव येथे देत नाही. तथापि ज्यांच्या घरात असा डबा आहे, त्यांना पुढील वर्णनावरून तो पडताळून पाहता येईल. एकच मजकूर थोड्याफार फरकाने छापलेली अशी चूर्णे बाजारात वेगवेगळ्या नावांनी येत असतात आणि त्या सर्वांना हीच कसोटी लागू पडते.

डबा शंभर ग्रॅमचा, प्लॅस्टिकचा, झाकणावर चकाकणारी होलोग्रामची टिकली असलेला आहे. दर्शनी बाजूस गुडघ्याची दोन चित्रे असून एक लालसर सुजलेला व दुसरा निरोगी आहे. त्याखाली ‘संधिवात मुळापासून बरा’, ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’, ‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ आणि ‘आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त’ अशी चार विधाने ठळक अक्षरांत आहेत. मागील बाजूस बारीक टाइपात शल्लकी, गुग्गुळ, रास्ना, निर्गुंडी, सुंठ आणि अश्वगंधा ही सहा नावे दिली असून त्यांच्या पुढे ‘इत्यादी’ असा शब्द आहे. बॅच क्रमांक रबरी शिक्क्याने उमटवलेला आणि अर्धवट पुसलेला आहे. उत्पादन परवान्याच्या जागी अन्नपदार्थांच्या व्यवसायासाठी मिळणारा एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक आहे; उत्पादकाच्या पत्त्यात गावाचे नाव आहे, पण गट क्रमांक, रस्ता किंवा पिनकोड नाही.

आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर काय असावे, हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम १६१ मध्ये स्पष्टपणे सांगितलेले आहे. त्यानुसार औषधात वापरलेल्या सर्व घटकांची खरी यादी, प्रत्येक घटकाच्या प्रमाणासह, वेष्टनावर असली पाहिजे. वनस्पतींच्या बाबतीत शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग दिला पाहिजे. त्याखेरीज उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, निव्वळ वजन आणि ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द असले पाहिजेत. नियम १६१-ब अन्वये वापराची अंतिम मुदतही द्यावी लागते. परीक्षणाधीन डब्यावर यांपैकी निव्वळ वजन आणि ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द एवढेच नीट छापलेले आहेत.

घटकांच्या यादीबाबत थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण ग्राहक सहसा तीच वाचतो आणि ओळखीची नावे दिसली की निश्चिंत होतो. रास्ना हेच उदाहरण घ्यावे. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलाटा ही वनस्पती धरलेली आहे. दक्षिणेत आणि अन्य काही भागांत रास्ना या नावाखाली अल्पिनिया गलांगा, म्हणजे कुलंजनाच्या जातीचा कंद विकला जातो. बंगालकडे झाडांवर वाढणाऱ्या एका आमरीची मुळे त्या नावाने वापरली गेली आहेत. तिन्हींचे कूळ वेगळे आणि घटकद्रव्येही वेगळी. म्हणूनच नियमाने शास्त्रीय नाव आणि वनस्पतीचा भाग मागितलेला आहे. तो कारकुनी सोपस्कार नाही. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेसारखी, वनस्पतींची शास्त्रीय ओळख पटवून देणारी संस्था असताना येथील बाजारात विकल्या जाणाऱ्या औषधावर ‘रास्ना’ एवढेच लिहून भागवले जावे, हे मला अत्यंत खेदजनक वाटते.

‘इत्यादी’ हा शब्द तर औषधाच्या यादीत क्षणभरही खपवून घेण्यासारखा नाही. वातविकारांवरील पारंपरिक योगांत (औषधी मिश्रणांत) बचनाग, कुचला, बिब्बा यांसारखी तीव्र द्रव्ये शोधन करून, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया करून, वापरली जातात. ही द्रव्ये नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये विषारी म्हणून नोंदलेली असून, ती असलेले औषध पोटात घेण्यासाठी असेल तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सावधगिरीची सूचना वेष्टनावर देणे बंधनकारक आहे. ‘इत्यादी’मध्ये यांपैकी काही आहे की नाही, हे ग्राहकाला कळण्याचा कोणताही मार्ग या डब्यावर उपलब्ध नाही.

आता अन्न परवान्याच्या क्रमांकाविषयी. एखादे उत्पादन अन्न असेल, तर त्याला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. औषध असेल, तर त्याला राज्याच्या परवाना प्राधिकरणाकडून औषध उत्पादनाचा परवाना लागतो. हे चूर्ण पुढच्या बाजूला औषध आहे आणि मागच्या बाजूला अन्न आहे. ‘आयुष मंत्रालय मान्यताप्राप्त’ हे विधानही असेच निराधार आहे, कारण केंद्रीय मंत्रालय एकेका औषधाला मान्यता देत नाही. परवाने राज्ये देतात आणि महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. डब्यावर एक क्यूआर कोडही आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील तीनशे प्रमुख ॲलोपॅथिक औषधी ब्रँडांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला असून त्यातून उत्पादकाचे नाव, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक समजतो. या डब्यावरील कोड स्कॅन केला असता तेच चूर्ण आणखी तीन डबे एकदम घेतल्यास सवलतीत देणारे विक्रीचे पान उघडते.

चूर्णाच्या गुणाविषयी बोलताना मी अधिक सावध राहणार आहे. माझ्या आत्यांनी ते काही महिने नियमित घेतले. त्यांचा अनुभव असा की, पहिल्या आठवड्यातच गुडघ्यांची दुखणी थांबली, सूज उतरली आणि भूक वाढली. त्या पुन्हा सारसबागेत फिरायला जाऊ लागल्या. पुढे चेहरा गोल व सुजल्यासारखा दिसू लागला, पूर्वी आटोक्यात असलेली साखर वाढली आणि दंडावर थोड्याशा धक्क्यानेही काळेनिळे डाग उमटू लागले. त्यांच्या डॉक्टरांनी रक्ताचे अहवाल पाहिल्यानंतर पहिला प्रश्न विचारला तो हाच, की ‘आजी, आणखी कुठली पुडी वगैरे चालू आहे का?’ डबा पाहिल्यावर त्यांनी चूर्ण एकदम बंद करू नका असे बजावले आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकाची तपासणी करून घेतली.

त्यांच्या सावधगिरीचे कारण वैद्यकीय व्यवहारात सर्वज्ञात आहे. सांधेदुखीच्या तथाकथित वनौषधींत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके मिसळलेली आढळल्याची उदाहरणे भारतात आणि परदेशांतही नोंदली गेली आहेत. स्टेरॉइड वेदना आणि सूज झपाट्याने कमी करते, म्हणून औषधाची कीर्ती तोंडोतोंडी पसरते. पण दीर्घकाळ घेतल्यास ते रक्तातील साखर व रक्तदाब वाढवते, हाडे ठिसूळ करते आणि कॉर्टिसॉल तयार करणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचे स्वतःचे कार्य मंदावते. अशा अवस्थेत ते अचानक थांबवले, तर रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते. आमच्या डब्यात स्टेरॉइड होते असे मी म्हणत नाही, कारण तसा प्रयोगशाळेचा अहवाल माझ्या हाती नाही. लक्षणे त्या दिशेने बोट दाखवतात आणि वेष्टनावरचा मजकूर ती शंका दूर करण्यासाठी काहीही करत नाही, एवढेच मी जबाबदारीने लिहू शकतो.

कायद्याच्या दृष्टीने या डब्याचे काय होऊ शकते, हे तपासताना एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटली. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मध्ये ‘जाहिरात’ या संज्ञेच्या व्याख्येतच लेबल आणि वेष्टन यांचा समावेश आहे. वर्तमानपत्रात किंवा दूरचित्रवाणीवर एक ओळही न देता, केवळ डब्यावर छापलेला दावा ही जाहिरातच ठरते. त्या कायद्याच्या अनुसूचीत चौपन्न रोग व विकार असून मधुमेह, कर्करोग, उच्च रक्तदाब, पक्षाघात यांच्या बरोबरीने संधिवातही त्यात आहे. कलम ३ अन्वये अशा रोगांवर औषध उपयोगी असल्याची सर्वसामान्यांसाठी जाहिरात करण्यासच मनाई आहे. दावा खोटा आहे हे सिद्ध करण्याची तेथे आवश्यकता नाही. खोट्या व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी कलम ४ स्वतंत्र आहे.

ही तरतूद किती विचारपूर्वक केलेली आहे, हे अमेरिकेचा इतिहास पाहिल्यावर लक्षात येते. तेथे १९०६ साली शुद्ध अन्न व औषध कायदा झाला तेव्हा मॉर्फीन घातलेली बाळांची सरबते आणि मद्यार्काने भरलेली शक्तिवर्धके खुलेआम विकली जात होती. त्या कायद्याने अफू, मॉर्फीन, कोकेन, मद्यार्क अशा घातक द्रव्यांचे प्रमाण वेष्टनावर छापणे सक्तीचे केले. परंतु १९११ मध्ये कर्करोगावरील एका बनावट उपचाराच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, या कायद्याने प्रतिबंध केला आहे तो घटकांविषयीच्या खोट्या विधानांना. रोग बरा होण्याविषयीच्या खोट्या विधानांना नाही. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, शर्ली दुरुस्तीने उपचारात्मक दावेही कायद्याच्या कक्षेत आणले, पण फसवणुकीचा हेतू सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकला. संधिवात व सायटिकावर लावायचे क्लार्क स्टॅन्ली यांचे ‘सर्पतेल’ सरकारने तपासले तेव्हा त्यात मुख्यतः खनिज तेल, सुमारे एक टक्का चरबीयुक्त तेल आणि लाल मिरची आढळली. त्यांना झालेला दंड वीस डॉलर होता. आपल्या १९५४ च्या कायद्याने हेतूच्या पुराव्याची ही अडचणच ठेवली नाही.

अर्थात हा कायदाही वादातून सुटलेला नाही. हमदर्द दवाखाना या युनानी औषधांच्या उत्पादकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये कायद्याचा उद्देश वैध ठरवला, परंतु जप्तीचा अधिकार अवाजवी व्यापक असल्याचे सांगून तो रद्द केला; १९६३ च्या दुरुस्तीने तो मर्यादा घालून परत आणावा लागला. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला, १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळला गेला, २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली निघाले. नियम येतात आणि जातात. १९५४ चा कायदा आणि वेष्टनाविषयीचा नियम १६१ मात्र कायम आहेत, आणि या डब्यावरील कारवाईसाठी तेवढे पुरेसे आहेत.

वेष्टनाच्या कायद्याची दुसरी बाजू औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये आहे. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये केलेल्या पाहणीतून हा कायदा उभा राहिला. आयुर्वेदिक औषधांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आले ते १९६४ च्या दुरुस्तीने. त्यातील कलम ३३-ई नुसार विहित पद्धतीने वेष्टन नसलेले किंवा वेष्टनावर खोटे अथवा दिशाभूल करणारे विधान असलेले औषध ‘मिथ्याछाप’ ठरते. कलम ३३-ईईए नुसार ज्यात दुसरे औषध वा द्रव्य बदलून घातले आहे, किंवा ज्यावरील उत्पादक अस्तित्वातच नाही, असे औषध ‘बनावट’ ठरते. आमचा डबा पहिल्या व्याख्येत निःसंशय बसतो. दुसऱ्या व्याख्येत बसतो की नाही, हे रासायनिक पृथक्करण आणि उत्पादकाची चौकशी झाल्यावरच सांगता येईल.

तक्रार नोंदवण्याचा माझा अनुभव चांगला होता. अन्न व औषध प्रशासनाच्या पुण्यातील कार्यालयात औषध निरीक्षकांनी डब्याच्या प्रत्येक बाजूची छायाचित्रे घेतली, बिल मागितले आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाहून दुकानाचा नेमका पत्ता लिहून घेतला. कारवाई कशी होते, हेही त्यांनी समजावून सांगितले. निरीक्षक दुकानात जाऊन कलम २३ नुसार नमुना घेतात. त्याचे चार भाग करून सील केले जातात. एक भाग विक्रेत्याकडे राहतो, एक शासकीय विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी राखला जातो आणि एक उत्पादकाला किंवा माल पुरवणाऱ्याला पाठवला जातो. दरम्यान कलम २२ अन्वये उरलेला माल जास्तीत जास्त वीस दिवस विकू नये, असा आदेश देता येतो. कलम ३३-एच मुळे या तरतुदी आयुर्वेदिक औषधांनाही लागू आहेत. त्या दुकानाच्या फळीवरून हे चूर्ण आता हटले आहे. विश्लेषणाचा अहवाल यायचा आहे.

मला जे म्हणायचे आहे ते येथे येऊन थांबते. वेष्टनावरील दाव्यासाठी कारवाई करणे तुलनेने सोपे आहे, कारण पुरावा डब्यावरच छापलेला असतो आणि गुन्हा वाचून दिसतो. त्यामुळे आक्षेपार्ह दाव्यांवर माल जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि समाधान मानतो. पण ज्या रुग्णाच्या पोटात ते चूर्ण गेले आहे, त्याचा प्रश्न दाव्याचा नसून डब्यात नेमके काय होते हा आहे. पुढच्या खेपेस उत्पादकाने ‘मुळापासून बरा’ ही ओळ काढून ‘सांध्यांच्या आरोग्यासाठी’ असे छापले, तर १९५४ च्या कायद्याखालील तक्रार लंगडी पडेल आणि आतील चूर्ण तेच राहील. म्हणून सांधेदुखीवरील औषधांच्या बाबतीत तरी, मिथ्याछाप म्हणून जप्त झालेल्या प्रत्येक मालाचा स्टेरॉइड व वेदनाशामकांसाठी तपास व्हावा आणि त्याचा निष्कर्ष उत्पादनाच्या नावासह जाहीर व्हावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

ही मागणी करण्यामागे आणखी एक कारण आहे. ॲलोपॅथिक औषधाच्या बाबतीत १९४० च्या कायद्यातील कलम २६ ने सामान्य ग्राहकाला विहित शुल्क भरून स्वतः विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार दिला आहे. आयुर्वेदिक औषधांना ज्या कलमांचा लाभ कलम ३३-एच ने दिला, त्यांत २२ ते २५ ही कलमे आहेत, २६ नाही. शिवाय आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीसाठी दुकानदाराला परवाना लागत नाही, त्यामुळे ज्या काउंटरवर साबण आणि बिस्किटे आहेत तेथेच हे चूर्णही ठेवता येते, आणि औषध दुकानात असणारा फार्मसिस्ट तेथे नसतो. ज्या शहरात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, त्या शहरातील ग्राहक संघटनांनी कलम २६ चा अधिकार आयुर्वेदिक औषधांनाही लागू करण्याचा आग्रह धरला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. आयुर्वेदाचा सन्मान राखणाऱ्या वैद्यांनाही याचे वावडे असण्याचे कारण नाही. प्रामाणिक गुग्गुळ बनवणाऱ्याचे नाव खराब होते ते अशा डब्यांमुळेच.

हे चूर्ण कोणीही विकत घेऊ नये, इतका माझा निष्कर्ष निःसंदिग्ध आहे. सांधेदुखीसाठी आयुर्वेदिक उपचार हवे असतील, तर नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी घेऊन, पूर्ण घटकयादी आणि औषध परवान्याचा क्रमांक असलेले औषध घ्यावे. ज्यांनी असे एखादे चूर्ण अनेक आठवडे घेतले आहे, त्यांनी ते स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता डबा घेऊन डॉक्टरांकडे जावे. तक्रारीसाठी प्रशासनाचा १८०० २२२ ३६५ हा निःशुल्क क्रमांक आहे. दुकानदाराकडून बॅच क्रमांक लिहिलेले बिल आवर्जून मागावे आणि उरलेले चूर्ण मूळ डब्यातच ठेवावे. मात्र घरी उघडलेला डबा कायदेशीर नमुना म्हणून चालत नाही, निरीक्षकांना तो दुकानातील सीलबंद मालातूनच घ्यावा लागतो, म्हणून तक्रार माल फळीवर असतानाच करावी.